तीन की आठ

पाटणकर बाजारात, भरदुपारी,
महुरकरबाईंनी माझ्या कटिंगच्या टेबलावर
बिस्किटांचा एक जुना डबा ठेवला आणि म्हणाल्या,
"बारटक्के, याचं जाकीट शिवायचं."

डब्यात बटणं होती. त्यांचं नव्हे,
झाकणाचं.
झाकणावर विमान होतं :
लाल, बुटकं, पोट फुगवून नाक वर केलेलं,
कुठल्यातरी साहेबाच्या देशातल्या शर्यतीतलं,
जेव्हा विमानांना दोन मजली पंख असत
आणि चालवणाऱ्याचं डोकं बाहेर, वाऱ्यात.
मागे चौकड्यांचे तीन खांब,
त्यांना वळसा घालायचा आणि परत यायचं.
"म्हणजे पोचायचं कुठेच नाही?"
"निघाले तिथेच," बाई म्हणाल्या.
"बँकेत एकतीस वर्षं मी तेच केलं. फक्त हळू."

मापं घेतली. छाती बेचाळीस.
उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच खाली,
पर्सचा खांदा.
असलं काही शिंप्यानं बोलायचं नसतं,
पॅडमध्ये भरून टाकायचं असतं.

बंद पडलेल्या मिलचं करडं सूटिंग
माझ्याकडे होतं अजून तीन मीटर, अस्तराला झालं.
लाल मिळालं ते मेळ्यातल्या तंबूवाल्याकडे,
कुणाच्या तरी मांडवाचं उरलेलं.

रात्री मुलानं फोनवर दाखवलं :
त्या विमानांचे पंखही कापडाचेच.
लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापड,
फासळीफासळीला टाका, टाक्यावर गाठ,
वरून रोगण.
मी बराच वेळ बघत बसलो.
म्हणजे कुठेतरी कुणी, तोंडात टाचण्या धरून,
विमानाला अंगरखा चढवत होता
आणि विचारत होता,
काखेत दाटतंय का?

मग हात चालला.
पाठीवर दोऱ्याच्या फासळ्या, अडीच बोटांवर एक.
कॉलर उंच, मानेत वारा शिरू नये इतकी.
छातीवर दोन तिरप्या पट्ट्या, पंखांमधल्या तारांसारख्या.
बगलेत कळी घातली, हात पूर्ण वर जावा म्हणून.
"हात वर कशाला जायला हवा त्यांचा?" मुलगा म्हणाला.
मला काय माहीत कशाला.
जावा.

अडलं ते आकड्याशी.
विमानाच्या कुशीवर पांढऱ्या गोलात इंग्रजी आकडा होता
आणि त्याची डावी बाजू गंजानं खाल्लेली.
झाकण उघडणारा अंगठा तिथेच टेकत असणार,
आधी आईचा, मग यांचा.
तीन असेल. आठ असेल.

ट्रायलला बाईंनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
"लहानपणी मी तो अख्खा पाहिलाच असेल ना हो?"
असेल.
"मग आठवत कसा नाही?"
मी खडूनं तीन काढला. नको म्हणाल्या.
तिनाचा आठ केला.
"आठ तर मुळीच नव्हता," आणि लगेच, "किंवा होता."
शेवटी झाकणावर बोट टेकवलं :
"हे आहे तसं शिवा."
"गंज?"
"गंजसुद्धा."

तपकिरी दोऱ्याच्या चार छटा लागल्या.
मशीनवर होईना, हातानंच भरला.
उभ्या जन्मात काजं केली, फाटकं रफू केलं,
झिजलेलं मुद्दाम शिवलं ते पहिल्यांदाच.

जानेवारीतली सकाळ. किल्ला धुक्यात, नव्हताच जणू.
बाईंनी जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली,
आरशाकडे गेल्या नाहीत.
"कुठे निघालात?"
"हजीऱ्यापर्यंत. चक्कर मारून येते."
स्कूटी धरेना. दोन किका वाया, तिसरीला धरली.
तेवढ्यात महाराजपुऱ्याकडून लढाऊ विमान गेलं,
खरं, काचा हलवणारं,
अख्ख्या बाजारानं मान वर केली.
बाईंनी नाही.
त्या रस्त्यात बसलेल्या सांडाला
डावीकडून झुकून वळसा घालत होत्या.

डबा इथेच राहिलाय.
साडेचारशे रुपये येणं आहे.
झाकण नीट बसत नाही, बटणं सांडतात,
आणि उघडताना मी अंगठा
त्या जागेच्या जरा बाजूला टेकवतो.